एडवर्डची पेनी कॅटलॉगशी जुळत नाही? वेगळा प्रकार ठरवण्याआधी काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. मध्ययुगीन इंग्लंडच्या एडवर्ड राजांपैकी कुणाची तरी, ठोकून पाडलेली चांदीची एक पेनी हाती लागते. जेमतेम १८-१९ मिलिमीटर रुंद, पातळ. एका बाजूला मुकुट घातलेला, सरळ समोर बघणारा राजा. दुसऱ्या बाजूला कडेपर्यंत पोचलेला लांब क्रॉस आणि त्याच्या चार खणांत तीन-तीन ठिपके. भिंगाखाली ‘एडव’ वाचता येतं, ‘लंडन’ही वाचता येतं. इथवर सगळं सोपं. मग कॅटलॉग उघडला की अडतं. एक ‘एन’ उलटा आहे, मुकुटाची एक पाकळी तुटकी आहे, छातीवर काहीतरी ठिपक्यासारखं दिसतंय, आणि हे सगळं एकत्र असलेली नोंद कुठेच नाही. ब्रिटनमध्ये राहून मेटल डिटेक्टर घेऊन शेतं फिरणारी मराठी मंडळी असोत की लिलावातून एखादं नाणं घेणारे पुण्या-मुंबईचे संग्राहक, प्रश्न एकच असतो: हा एखादा दुर्मीळ प्रकार आहे का?

कधीकधी तो खरोखर असतो, म्हणून असा प्रश्न मी उडवून लावत नाही. पण उत्तर शोधायची सुरुवात कॅटलॉगपासून केली की माणूस भरकटतो. आधी एकच गोष्ट ठरवायला हवी. जे विचित्र दिसतंय ते ठशातच होतं, ठोका पडताना घडलं, की नाणं टांकसाळीबाहेर पडल्यावर झालं? ठशात असेल तर ते त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर असणार, आणि त्यालाच ‘प्रकार’ म्हणता येतं. ठोक्यातलं किंवा नंतरचं वेगळेपण त्या एका नाण्यापुरतं. खालचं सगळं या एका प्रश्नाभोवती फिरतं.

नाणं पडायचं कसं

खालचा ठसा लाकडी ओंडक्यात घट्ट रोवलेला असे. त्याला ‘पाइल’ म्हणत, आणि राजाचा चेहरा यावर असे. वरचा ठसा, ‘ट्रसेल’, कारागिराच्या हातात. त्यावर क्रॉस आणि टांकसाळीचं नाव. मध्ये चांदीची चकती ठेवायची आणि वरून हातोडा घालायचा. घाव थेट वरच्या ठशावर बसत असल्यामुळे तो लवकर फुटायचा, आणि एका पाइलच्या आयुष्यात साधारण दोन ट्रसेल लागायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मिश्र नाण्यांच्या वेळी उपयोगी पडेल.

ठसे हाताने कोरत बसत नसत. राजाचा चेहरा, मुकुट, केस, एकेक अक्षर, या सगळ्यांचे वेगवेगळे पोलादी पंच असत, आणि ते ठोकून ठसा तयार होई. म्हणजे पंच हे मूळ, त्यावरून ठसा, आणि ठशावरून नाणं. पंच मोडला तर तो मोड त्यानंतरच्या कितीतरी ठशांवर आणि हजारो नाण्यांवर उमटतो. एडवर्ड पहिला आणि दुसरा यांच्या पेन्यांचं वर्गीकरण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फॉक्स बंधूंनी बसवलं, तेही बरंचसं अशाच पंचांच्या माग काढण्यावर. १ ते १५ हे वर्ग आजही तसेच वापरले जातात. दहाव्या वर्गापर्यंत मुख्यतः पहिला एडवर्ड, दहाव्याच्या शेवटाकडून पुढे दुसरा, आणि पंधराव्याच्या टोकाला तिसरा.

पहिलं काम वजनाचं

बऱ्याच जणांच्या प्रश्नात वजनच नसतं. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा नसेल तर बाकी सगळी चर्चा हवेतली. इंग्लंडमध्ये एडवर्ड नावाचे राजे एकामागून एक झाले आणि त्यांच्या पेन्यांवर ‘पहिला’, ‘दुसरा’ असं काही लिहिलेलं नसतं. (तिसऱ्या हेन्रीच्या १२४७ नंतरच्या नाण्यांवर मात्र ‘तेर्ची’ किंवा तीन उभ्या रेघा येतात, तो अपवाद.) वजन ही पहिली चाळणी. १२७९ च्या नव्या नाण्यांपासून पेनी सुमारे १.४४ ग्रॅमची होती. १३५१ मध्ये ती १.१७ ग्रॅमवर आली, १४१२ मध्ये ०.९७, आणि १४६४ मध्ये चौथ्या एडवर्डने ती ०.७८ ग्रॅमवर आणली. चांदीचा कस ९२.५ टक्केच राहिला, कमी होत गेलं ते वजन.

तेव्हा १.३८ ग्रॅमची न कातरलेली पेनी चौथ्या एडवर्डची असूच शकत नाही, मग चेहरा कितीही तसा वाटो. उलट ०.९ ग्रॅमच्या पेनीबद्दल मात्र घाई करू नका. ती १४१२ नंतरची असेल, किंवा कडा कातरलेली १२८० ची. क्रॉसची चारही टोकं आणि अक्षरांबाहेरचं मण्यांचं वर्तुळ शाबूत आहे का ते पाहा. १२४७ मध्ये क्रॉस कडेपर्यंत लांबवला तो नेमका याचसाठी, की कातरलेलं नाणं नजरेला लगेच कळावं. तरीही कातरणं थांबलं नाही. १२७८ च्या शेवटी या गुन्ह्यासाठी देशभर धरपकड झाली, त्यात ज्यू समाजावर भयानक अन्याय झाला आणि शेकडो माणसं फासावर गेली. पुढच्याच वर्षी नवी नाणी आली. आज तुमच्या हातात आहे ती पेनी त्याच नव्या नाण्यांपैकी असण्याची शक्यता मोठी आहे.

‘एन उलटा आहे’

ही सगळ्यांत जास्त येणारी शंका, आणि बहुतेक वेळा तिच्यात काही दुर्मीळ नसतं. पहिल्या एडवर्डच्या दुसऱ्या वर्गात ‘एन’ सहसा उलटाच असतो. पहिल्या वर्गातही काही उपप्रकारांत तो कधी सुलटा, कधी उलटा येतो. सातव्या वर्गात ‘एन’ला मधली रेघ दोनदा दिलेली असते. नवव्याच्या उत्तरार्धात त्याचा आकार वाकड्या आकड्यासारखा होतो, म्हणून इंग्रज संग्राहक त्याला चुलीवर भांडं टांगायच्या आकड्याचं नाव देतात. १२४७ पूर्वीच्या, छोट्या क्रॉसच्या नाण्यांतही हे दिसतं; त्यांचे वर्ग वेगळे मोजतात. त्यांच्यातल्या, १२०५ च्या सुमारास आलेल्या पाचव्या वर्गाच्या सुरुवातीला ‘हेन्रिकस’मधला ‘एस’ उलटा असतो, आणि त्या उपवर्गाची ती ओळखच आहे.

म्हणजे उलटं अक्षर दिसलं की चूक शोधू नका, वर्ग शोधा. आणि एका अक्षरावर थांबू नका. त्याच बाजूवर तेच अक्षर आणखी कुठे आहे ते बघा. ‘आंग्ल’मध्ये एक ‘एन’, ‘डीएनएस’मध्ये दुसरा. दोन्ही एकसारखे असतील तर तो पंचाचा किंवा कारागिराच्या सवयीचा गुण. एकच वेगळा असेल तर बहुधा तिथे ठशात घाण भरली होती, किंवा त्या जागी धातू नीट चढला नाही. ‘ए’ला आडवी रेघ आहे की नाही, हाही असाच प्रश्न. चौथ्या वर्गात पुढे पुढे बिनरेघी ‘ए’ खरोखर येतो. पण एका ‘ए’ला रेघ आहे आणि दुसऱ्याला नाही, एवढ्यावरून उपप्रकार ठरवणं मला धाडसाचं वाटतं. ठशाच्या खाचेत तेल-मातीचा थर बसला की रेघ सहज गायब होते, ‘ई’चा ‘एल’ होतो, ‘आर’चा ‘पी’ होतो.

ज्यांनी शिवराई हाताळली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. तिथेही ‘राजा शिव’ किंवा ‘छत्रपति’ पूर्ण उमटलेलं नाणं भाग्याने मिळतं, आणि लेखनातले खरे फरक कोणते, अर्धवट उमटलेले कोणते, हे वेगळं करायला नजर तयार करावी लागते. ती नजर इथे जशीच्या तशी कामाला येते.

‘मुकुट तुटका आहे’

या ठिकाणी थोडं जास्त थांबू, कारण पेनीची खरी कुंडली मुकुटातच असते.

मुकुटाच्या मध्यभागी तीन पाकळ्यांचं लिलीचं फूल असतं, दोन टोकांना अर्धी फुलं, आणि मधल्या जागांत मोती किंवा भाल्याच्या टोकासारखे नक्षीचे तुकडे. दुसऱ्या वर्गात मधल्या फुलाची डावी पाकळी बहुधा तुटलेली असते. पंच मोडला होता, तरी तो वापरात राहिला. अकराव्या वर्गाच्या सुरुवातीच्या नाण्यांवर डाव्या बाजूचं भाल्याचं टोक मोडलेलं दिसतं. पंधराव्यात मुकुट लहान आणि चपटा होतो आणि भाल्याची दोन्ही टोकं डावीकडे वाकतात. चौदाव्यात मधलं फूल उंच असतं आणि राजाचा मोठा, हसरा चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही. तेव्हा ‘तुटका मुकुट’ ही तक्रार घेऊन आलेली व्यक्ती अनेकदा आपल्या नाण्याची अचूक ओळख हातात घेऊनच आलेली असते, फक्त तिला ते माहीत नसतं.

पण तुटकेपणा ठोक्यातूनही येऊ शकतो. तो ओळखायचा कसा? नाणं उलटवा आणि बरोबर त्याच जागेच्या पाठीमागे काय आहे ते पाहा. चकती एका ठिकाणी पातळ असली किंवा घाव तिरका बसला तर दोन्ही बाजूंना तोच भाग फिका पडतो. मुकुटाची डावी बाजू सपाट, आणि पाठीमागे तिथलीच अक्षरंही सपाट असली तर दोष ठोक्याचा. मुकुट तुटका पण पाठीमागची अक्षरं ठसठशीत असली तर पंचाकडे किंवा ठशाकडे वळा. शिवाय पंच मोडलेला असतो तेव्हा मोडीची कड स्पष्ट असते. फिक्या ठोक्यात आकार हळूहळू विरत जातो.

दुसरी खूण त्याहून साधी. ठशात जे खोदलेलं किंवा खरवडलेलं असतं ते नाण्यावर उंच येतं. नाणं पडल्यावर झालेला ओरखडा नाण्यावर खोल जातो. राजाच्या गालावरची उंच रेघ म्हणजे ठशाला पडलेली चीर. गालावरची खोल रेघ म्हणजे नांगर, फावडं किंवा कुणाचा तरी चाकू.

छातीवर ठिपका, गुलाब, चांदणी

राजाच्या छातीवर काही दिसलं तर वर्ग पटकन गवसतो. चौथ्या वर्गाच्या शेवटच्या टप्प्यात छातीवर तीन ठिपके असतात, पाचव्यात एक. सातव्यात गुलाब, नवव्यात पुष्कळदा चांदणी. पहिल्याच वर्गाच्या एका उपप्रकारात चेहऱ्याखाली छोटं कडं असतं, ते रीडिंगच्या मठाधिपतीशी जोडलेलं आहे.

गोंधळ होतो तो ठिपक्याचा. गंजाची गाठ, वाळूचा कण चिकटून राहिलेला, किंवा ठशावरच्या गंजाचा खड्डा, हे तिन्ही ‘ठिपका’ म्हणून पुढे येतात. खरा ठिपका गोल असतो, मधोमध असतो, आणि त्याचा आकार त्याच नाण्याच्या मागच्या बाजूवरच्या बारा ठिपक्यांशी ताडून बघता येतो. प्रकाश एकाच बाजूने, अगदी खालून पाडा, मग दिवा फिरवून दुसऱ्या बाजूने पाडा. सावली दोन्ही वेळा नीट गोल पडली तर पुढे जा.

अर्ध्या पेनीवर चांदणी दिसली तर ती छातीवर नसून अक्षरांच्या ओळीत आहे का ते पाहा. तिसऱ्या एडवर्डने १३३५ ते १३४३ या काळात अर्ध्या आणि पाव पेन्या कमी कसाच्या, ८३.३ टक्के चांदीच्या पाडल्या आणि त्यांच्या लेखात, म्हणजे कडेने फिरणाऱ्या अक्षरांत, चांदणी घातली. अशा नाण्याचा रंग थोडा वेगळा वाटला तर त्यात गैर काही नाही.

मोड वाटतं पण खूण असते

डरहॅमची टांकसाळ बिशपच्या हाती होती आणि प्रत्येकाने आपापली निशाणी ठेवली. बिशप बेकच्या काळात, अक्षरांच्या सुरुवातीला असणाऱ्या छोट्या क्रॉसच्या जागी टोकं दुभंगलेला खास क्रॉस येतो. बोमाँच्या काळात सिंह आणि लिली. पण खरा घोळ बिशप केलॉचा. १३११ ते १३१६ या त्याच्या कारकिर्दीतल्या पेन्यांवर मागच्या क्रॉसची एक भुजा टोकाला वळवून धर्मदंडासारखी केलेली आहे. नवख्या माणसाला ती दुबार ठोक्याने वाकलेली वाटते आणि नाणं ‘खराब’ म्हणून बाजूला पडतं. ‘सिव्हितास डुनेल्म’ किंवा तत्सम डरहॅमचं नाव असेल तर चारही भुजांची टोकं तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

यॉर्कला आर्चबिशपच्या टांकसाळीतल्या पेन्यांवर क्रॉसच्या मध्यभागी चार पाकळ्यांची चौकट असते. स्कॉटलंडच्या सीमेवरचं बेरिक १२९६ मध्ये एडवर्डने जिंकलं. तिथे पुष्कळ ठसे स्थानिक कारागिरांनी केले, त्यामुळे अक्षरं ओबडधोबड आणि चेहरा भलताच. काही बेरिक पेन्यांवर एखाद्या खणात ठिपक्यांऐवजी अस्वलाचं डोकं आहे, कारण शहराच्या निशाणीत अस्वल आहे. गंजलेल्या नाण्यावर ते निव्वळ गोळ्यासारखं दिसतं. ‘विल्ला बेरेविकी’ वाचता आलं तर त्या गोळ्याला जपा. बेरिकची नाणी लंडनच्या वर्गांत कोंबायचा प्रयत्न करू नका, त्यांची मांडणी स्वतंत्र आहे.

दोन बाजू दोन वर्गांच्या

समोरची बाजू तिसऱ्या वर्गाची आणि मागची दुसऱ्या वर्गाची, असं होऊ शकतं. एक ठसा झिजला, दुसरा अजून चांगला होता, टांकसाळीत होता तो वापरला. अशा मिश्र नाण्याला ‘म्यूल’ म्हणतात आणि ते खरोखर शोधण्यासारखं असतं. पण ते सिद्ध करायची पद्धत चुकते. लोक एक बाजू ओळखतात आणि दुसरी ‘त्याच वर्गाची असणार’ असं धरून अक्षरं वाचतात. त्याऐवजी एक बाजू कागदाने झाका, दुसरीचा वर्ग स्वतंत्रपणे लिहून काढा, मग अदलाबदल करा. समोरच्या बाजूला मुकुट आणि चेहरा, मागच्या बाजूला अक्षरांची घडण, विशेषतः ‘एन’, ‘एस’ आणि ‘सी’. दोन उत्तरं शेजारच्या वर्गांची आली तर मिश्र नाणं शक्य आहे. दोन उत्तरांमध्ये पाच-सहा वर्गांचं अंतर असेल तर एखादी बाजू बहुधा चुकीची वाचली गेली आहे.

टांकसाळीचं नाव इथे पहारेकऱ्याचं काम करतं. लंडन आणि कँटरबरी जवळजवळ सतत चालू होत्या, पण एक्सेटर आणि हल, म्हणजे नाण्यावरचं ‘विल किंगेस्टन’, यांनी या काळात १३०० च्या आसपास थोडाच वेळ काम केलं आणि त्यांची नाणी नवव्या वर्गाची. हलची पेनी तिसऱ्या वर्गाची ‘सापडली’ असेल तर आधी टांकसाळ पुन्हा वाचा.

सहाव्या हेन्रीच्या नाण्यांत मिश्र प्रकार विशेष भेटतात. त्याच्या पहिल्या कारकिर्दीत छोट्या खुणा भराभर बदलल्या. आधी कडी, मग गुलाब आणि पोकळ चौकट, मग पाइनचं फळ आणि चौकट, मग पान आणि चौकट, असं पुढे पुढे. समोर गुलाब-चौकट आणि मागे दोन खणांत कडी, अशी नाणी आहेत. या काळातल्या प्रत्येक खुणेचा फोटो वेगळा काढून ठेवा. चार मिलिमीटर जागेतली चौकट आणि झिजलेलं पान एकाच फोटोत कळत नाही.

पुन्हा कोरलेल्या ठशांचा उल्लेख इथेच. तिसऱ्या रिचर्डच्या, म्हणजे १४८३ ते १४८५ मधल्या, काही ग्रोटांवर (चार पेन्यांच्या नाण्यांवर) सुरुवातीची खूण रानडुकराचं डोकं आहे आणि तिच्याखालून आधीची सूर्य-गुलाबाची खूण डोकावते. जुना ठसा फेकला नाही, त्यावरच नवी खूण मारली. दुबार ठोक्यातही आकार दुहेरी दिसतो, मग फरक काय? दुबार ठोक्यात शेजारची अक्षरंही त्याच दिशेला तेवढीच सरकलेली असतात. पुन्हा कोरलेल्या ठशात ती एकच खूण दुहेरी, बाकी सगळं स्वच्छ.

ठोक्यातले अपघात

एक अपघात इतका सुंदर असतो की त्याला वेगळा प्रकार समजणं अगदी स्वाभाविक आहे. एका बाजूला राजा उंच आणि दुसऱ्या बाजूला तोच राजा, पण खोलगट आणि उलटा, आरशातल्यासारखा. क्रॉस कुठेच नाही. आधीचं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहिलं आणि पुढच्या चकतीवर तेच ठोकलं गेलं. वरच्या ठशाला चिकटलेल्या नाण्याची खाली असलेली बाजू राजाची, म्हणून अशा नाण्यांवर बहुतेक वेळा राजाच दोनदा मिळतो. हा प्रकार नव्हे, पण नोंदवण्यासारखा जरूर आहे.

अर्धी पेनी अर्धवर्तुळाकार असेल तर ती मोडलेली समजू नका. १२७९ पूर्वी सुट्ट्या पैशांची सोय म्हणून पेनी क्रॉसच्या रेषेवर कापून अर्धी आणि पाव करत. गोल पाव पेनी आणि अर्धी पेनी नियमित पडायला लागली ती १२७९-८० पासून. कापाची रेघ क्रॉसच्या भुजेला धरून सरळ गेली आहे का, एवढंच तपासायचं.

मुळात ते इंग्रजी नाणं आहे का?

माझ्या मते न जुळणाऱ्या नाण्यांचं खरं उत्तर पुष्कळदा इथे असतं, आणि हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारला जातो. तो आधी विचारावा.

इंग्रजी लोकर फ्लँडर्स आणि ब्राबांटमध्ये विकली जायची, त्यामुळे स्टर्लिंग पेनीला, म्हणजे याच इंग्रजी चांदीच्या पेनीला, तिथे मोठा मान होता. समुद्रापलीकडच्या सरदारांनी मग हुबेहूब तशीच नाणी स्वतःच्या नावाने पाडली. काहींवर राजाला मुकुटच नाही, उघडं डोकं. काहींवर मुकुटाऐवजी गुलाबांची माळ. इंग्लंडमध्ये यांना ‘पोलार्ड’ आणि ‘क्रोकार्ड’ म्हणत. ती इतकी पसरली की १२९९ च्या नाताळपासून त्यांची किंमत अर्धी केली आणि १३०० च्या ईस्टरला ती पूर्ण बंद केली. एक्सेटर, हल यांसारख्या टांकसाळी उघडल्या त्या ही परकी चांदी वितळवून नवी नाणी पाडण्यासाठीच. म्हणून नवव्या वर्गाची नाणी इतकी विपुल आहेत.

मुकुट घातलेल्या नकला जास्त फसवतात. लक्झेंबर्गच्या आंधळ्या जॉनच्या (राज्यकाळ १३१० ते १३४६) काही पेन्यांवर स्वतःचं नाव अशा रीतीने मोडून लिहिलं आहे की घाईत ‘एडवर्ड’ वाचावं: ‘एइवानेस’. या नाण्यांचा इंग्रजांना इतका उपद्रव झाला की १३५१ च्या राजद्रोहाच्या कायद्यात ‘लशबर्ग’ नाण्यांचं नाव घेऊन ती देशात आणणं राजद्रोह ठरवलं गेलं, आणि चॉसरनेही त्यांचा उल्लेख केला.

नक्कल ओळखायला मागची बाजू वाचा. या काळातल्या बहुतेक इंग्रजी पेन्यांवर ‘सिव्हितास’, ‘विल्ला’ किंवा ‘विल’ने सुरू होणारं शहराचं नाव असतं. ‘मोनेता’ असा शब्द दिसला तर नाणं युरोपच्या मुख्य भूमीवरचं समजा. मागची बाजू वाचता येत नसेल तर समोरच्या लेखात ‘आंग्ल’ (इंग्लंड) आणि ‘हिब’ (आयर्लंड) खरोखर आहेत का ते अक्षर अक्षर लावून बघा, आपल्या मनाने भरू नका. ‘कोमेस’ म्हणजे काउंट आणि ‘मार्किओ’ म्हणजे मार्क्विस असे शब्द तर थेटच सांगतात की हा राजा नव्हे.

शेजाऱ्यांची नाणीही यात मिसळतात. राजाचा चेहरा त्रिकोणात असेल तर ती आयर्लंडची पेनी, डब्लिन किंवा वॉटरफर्डची. राजाचं डोकं डावीकडे वळलेलं, पुढे राजदंड, आणि मागच्या खणांत ठिपक्यांऐवजी चांदण्या, तर स्कॉटलंडचा तिसरा अलेक्झांडर किंवा त्याच्यानंतरचा कुणी. इंग्लंडच्या शेतांत ही सगळी सर्रास सापडतात, कारण ती एकत्रच चालत होती.

याशिवाय त्या काळातली खोटी नाणी: तांब्याचा गाभा, वर चांदीचा पातळ मुलामा. कडेला किंवा झिजलेल्या गालावर हिरवट डाग दिसला आणि वजन हलकं भरलं तर शंका घ्या. आजच्या काळातल्या ओतीव नकला वेगळ्या मार्गाने सापडतात. दुबार ठोका किंवा कडेची चीर दोन नाण्यांवर तंतोतंत सारखी येऊच शकत नाही, कारण प्रत्येक ठोका वेगळा. विक्रीला आलेल्या दोन नाण्यांवर तीच चीर, तोच फिका भाग, तोच ओरखडा दिसला तर दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली आहेत, किंवा एक मूळ आणि दुसरं त्यावरून केलेलं.

नाणं घासू नका

वाचता येत नाही म्हणून चिंच, लिंबू, राख, रांगोळी, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. घरच्या चांदीच्या भांड्यांना जे चालतं ते सातशे वर्षं जमिनीत राहिलेल्या पातळ चांदीला चालत नाही. ती ठिसूळ झालेली असते. वाकलेलं नाणं बोटांनी सरळ करायलाही जाऊ नका, तुकडे होतात. शुद्ध केलेल्या पाण्यात बुडवून माती आपोआप सुटू द्या. ज्या बारीक खुणांवरून वर्ग ठरतो त्या घासण्यात पहिल्यांदा जातात.

इतकं करूनही जुळलं नाही तर

आता तुमच्याकडे ठशातला, दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे तपासलेला, इंग्रजी टांकसाळीचा, कॅटलॉगमध्ये नसलेला गुण आहे. त्याचा पुरावा एकच: त्याच ठशाने पाडलेलं दुसरं नाणं. संग्रहालयांच्या आणि लिलावांच्या फोटोंत शोधताना एकंदर चेहरा जुळवत बसू नका. दोन अक्षरांमधलं अंतर, एखादं अक्षर मण्यांच्या वर्तुळात किती घुसलंय, क्रॉसची भुजा कोणत्या अक्षराच्या मधोमध जाते, असे तीन-चार मोजता येणारे दुवे निवडा. ते सगळे जुळले तर ठसा तोच. मग दोन्ही नाण्यांवर तुमचा विचित्र गुण आहे का ते पाहा.

इंग्लंड-वेल्समध्ये नाणं जमिनीत सापडलं असेल तर ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ या, लोकांना सापडलेल्या पुरावस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्याकडे नोंद करा. एकटं नाणं १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टनुसार सहसा ‘ट्रेझर’, म्हणजे कळवणं बंधनकारक असलेला ठेवा, ठरत नाही. पण ३०० वर्षांहून जुनी दोन किंवा जास्त सोन्या-चांदीची नाणी एकत्र सापडली तर ती कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि शेतमालकाची परवानगी तर शोधाला निघण्याआधीच हवी. नोंदीसाठी नेताना दोन्ही बाजूंचे एकाच दिशेच्या प्रकाशातले फोटो, वजन, व्यास, सापडल्याची जागा आणि नाण्यावरून तुम्ही वाचलेला लेख लिहून न्या. लेखात जे अक्षर दिसलं नाही तिथे टिंब ठेवा. अंदाजाने भरलेलं एक अक्षर पुढच्या माणसाला पुन्हा सगळी वाट चालायला लावतं.